हाक, मग पास

सत्यशीला मॅडमचा राग शाळेत सगळ्यांना पाठ होता. शिट्टी तोंडात असली की मॅडम ठीक आहेत, शिट्टी नुसती गळ्यात लोंबायला लागली की दोन पावलं मागं सरकायचं, एवढं पाचवीतलं पोरही नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगून ठेवायचं. आणि मॅडम एकदम हळू आवाजात बोलायला लागल्या, तर दप्तर उचलून सरळ घरी जायचं.

श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या पुढं पाच-सहा किलोमीटरवरच्या या शाळेत सत्यशीला पगारे नऊ वर्षं खेळ शिकवत होती. तासिका तत्त्वावर. म्हणजे नोकरी कायम नाही. दर जूनला नवा अर्ज, संस्थेचे अध्यक्ष भिमाजी आण्णा यांची नवी सही, आणि "कायमचं यंदा बघू मॅडम" हे जुनंच वाक्य. ते वाक्य तिनं नऊ वेळा ऐकलं होतं आणि नऊही वेळा "बरं आण्णा" म्हणून मान हलवली होती. तिच्या रागातला निम्मा राग त्या मान हलवण्याचाच होता, पण निघायचा मात्र पोरींवर.

जुलै संपत आला होता. ऑगस्ट लागला की तालुक्याच्या शालेय स्पर्धा, आणि सतरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉलचा संघ रोज सकाळी सहाला मैदानावर उतरत होता. मैदान आपलं म्हणायला मैदान. एका अंगाला बाभळी, दुसऱ्या अंगाला पोषण आहाराची खोली, मधे काळी माती. रोजच्या भुरभुरीनं ती अशी चिकटायची की चार चकरा मारल्या की पाय उचलवत नसे. चेंडू दोन होते. त्यातला एक बाभळीच्या काट्यानं तीनदा फुटलेला आणि सायकलवाल्यानं ठिगळ लावून दिलेला. तो उडाला की हमखास डावीकडं जायचा. पोरींना त्याची इतकी सवय झाली होती की चांगल्या चेंडूनं खेळताना त्यांचे नेम चुकायचे.

एवढ्या भांडवलावर शिकवणार काय? सत्यशीला एकच गोष्ट शिकवायची, पण ती हाडात मुरेपर्यंत. हाक, मग पास. जिला चेंडू द्यायचा तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं, तिनं मान वळवली की मगच चेंडू सोडायचा. नाव न घेता पास दिला तर मैदानाला दोन चकरा, आपलं नाव ऐकूनही मान वळवली नाही तर तीन. त्यामुळं आसपासच्या वस्त्यांवरच्या बायकांना अंगण झाडता झाडता अख्खा संघ पाठ झाला होता. "निकिता, घे." "चांगुणा, मागं बघ." आणि सगळ्यांत जास्त वेळा, "ज्योती." "ज्योती." "ज्योती."

कारण गोल ज्योतीच करायची. ज्योती सहादेव बर्डे, नववी ब. काटकुळी, डावखुऱ्या पायाची. आई लंकाबाई आणि बाप सहादेव दोघंही लोकांच्या रानात कामाला जायचे. वर्गात ही पोरगी शेवटच्या बाकावर, आणि हजेरीला "हजर" असं म्हणायची की सर दोनदा विचारायचे. मैदानावर मात्र हाक पुरी व्हायच्या आत तिची मान वळलेली असायची. ते पाहून सत्यशीलाला फार बरं वाटायचं, आणि बरं वाटलेलं दाखवायची सवय नसल्यानं ती सगळ्यात जास्त तिलाच रागवायची.

एका शुक्रवारी दुसऱ्या तासाला हेडमास्तर थोरे सरांनी तिला बोलावून घेतलं. ज्ञानेश्वर थोरे मुळात वाईट माणूस नव्हते. फक्त स्वतःचं मत आण्णांच्या बंगल्यावर ठेवून ते शाळेत यायचे. टेबलावर सत्यशीलानंच दिलेली खेळाडूंची यादी होती. नवव्या क्रमांकावरचं ज्योतीचं नाव पेन्सिलीनं खोडलेलं होतं आणि वर बारीक अक्षरात 'मोनिका' लिहिलेलं होतं.

"ही मोनिका म्हणजे?"

"आण्णांची नात. दहावी अ."

"कोण ते मला ठाऊक आहे सर. ती फुटबॉल कधीपासून खेळायला लागली?"

"तिला कुठं खेळायचंय," थोरे सर खिडकीकडं बघत म्हणाले. "खेळेल ज्योतीच. फक्त नाव मोनिकाचं. दहावीचं वर्ष आहे, खेळाचे वाढीव मार्क मिळतात, पुढं नोकरीला खेळाडूंचा कोटा असतो. पोरीचं भलं होईल."

"मग शेवटी राखीव खेळाडू म्हणून घालते तिचं नाव. ज्योतीचं कशाला खोडता?"

"ते पूजाताईंना चालणार नाही. बाकावर बसल्याच्या सर्टिफिकेटला आता कोणी विचारत नाही म्हणाल्या. नावावर गोल पाहिजेत." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "ओळखपत्रावर फोटो ज्योतीचा चिकटवू. शिक्का असा मारू की निम्मं तोंड जांभळं. तालुक्याला कोण बघतंय? आणि मॅडम, आण्णांनी निरोप दिलाय. तुमचं कायमचं यंदा नक्की."

पूजाताईंचं नाव निघालं आणि सत्यशीलाची शिट्टी गळ्यात लोंबत राहिली.

पूजा म्हणजे आण्णांची सून, मोनिकाची आई. नगरला एका सरकारी कार्यालयात चांगल्या हुद्द्यावर. पण त्याच्याही आधी पूजा म्हणजे केडगावची पूजा, सत्यशीलाच्या शाळेतली, दोन वर्षं पुढं असलेली. सत्यशीलाचा बाप नगरच्या छावणीत बागकामाला होता. जवान संध्याकाळी फुटबॉल खेळायचे आणि बाहेर गेलेला चेंडू आत मारता मारता ही पोरगी खेळायला शिकली. शाळेचा संघ निघाला तेव्हा तिच्याइतकं कोणी खेळत नव्हतं. आणि तेव्हाच्या सरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तू अजून लहान आहेस, तुझा नंबर पुढच्या वर्षी. यंदा पूजाच्या नावावर खेळ. ती खेळली. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. राज्याला तिसरा नंबर आला, वर्तमानपत्रात 'पूजाचे तीन गोल' असं छापून आलं, आणि छावणीतल्या खोलीत तिच्या आईनं ते कात्रण कणकीनं भिंतीला चिकटवलं. पुढच्या वर्षी तिचा गुडघा गेला. सर्टिफिकेट पूजाकडं, त्यावर मिळालेली नोकरी पूजाकडं आणि गुडघा सत्यशीलाकडं, अशी वाटणी झाली.

पूजा उपकार विसरणारी नव्हती. नऊ वर्षांपूर्वी आण्णांकडं शब्द टाकून ही तासिकेची नोकरी तिनंच मिळवून दिली होती. "सत्या, तुझ्यामुळंच तर माझं सगळं झालं," असं ती चारचौघांत प्रेमानं म्हणायची. लोकांना वाटायचं, काय मैत्री आहे. सत्यशीलाला त्या प्रेमाचा राग यायचा, पण प्रेमावर ओरडायचं कसं हे तिला सुचायचं नाही.

"ज्योतीला विचारते," एवढं म्हणून ती उठली. पोरगी नाही म्हणेल अशी तिला आशा होती. आपण नाही म्हणायचं सोडून नववीतल्या पोरीनं ते म्हणावं, हे काही बरोबर नाही, हेही तिला कळत होतं.

संध्याकाळी ती बर्ड्यांच्या वस्तीवर गेली. लंकाबाई चुलीपुढं होती, ज्योती हंडा भरून येत होती. सगळं ऐकून ज्योतीनं हंडा खाली ठेवला आणि सरळ म्हणाली, "चालतंय की मॅडम. नावाला काय करायचंय? मला खेळायला भेटतंय ना?"

सत्यशीलाला वाटलं कोणी थोबाडीत मारली. हेच वाक्य. शब्द न शब्द तेच, फक्त तिनं ते छावणीच्या कुंपणाजवळ उभं राहून म्हटलं होतं.

"तुला नाही कळत," ती म्हणाली. "गोल तू मारणार आणि लिहिणार दुसरीच्या नावावर."

"आवो मॅडम," लंकाबाई मधे बोलली, "आमी आण्णांच्याच रानात कामाला हाय. त्येंनी सांगितलंय म्हनल्यावर कसं न्हाई म्हनायचं? आन नाव काय झिजतंय व्हय? चार दिस वापरतील, परत देतील."

परत देत नाहीत लंकाबाई, असं सत्यशीलाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिच्या डोळ्यांपुढं कायमच्या नेमणुकीचा कागद होता, चाळिशीला आलेलं वय होतं आणि अवघडून वाकणारा गुडघा होता. तिनं मान हलवली. दहाव्यांदा.

शनिवारपासून नवा सराव सुरू झाला. थोरे सरांची सूचना होती की स्पर्धेत गडबड नको, आतापासून पोरीला मोनिकाच म्हणा. पोरींना आधी ही मोठी गंमत वाटली. "मोनिका, घे," म्हणून निकिता ओरडली आणि ज्योती बाभळीकडं बघत उभी. चेंडू तिच्या पाठीला लागून गेला. सगळ्या खिदळल्या. सत्यशीला खिदळली नाही.

"तीन चकरा."

ज्योती पळाली. परत आली. "मोनिका." परत मान वळली नाही. परत तीन चकरा. नियम तो नियम. पहिल्या दिवशी तिनं पंधरा चकरा मारल्या, बुटांना चिखलाचे गोळे, तोंड लाल. सत्यशीला तिला ओरडत होती, "लक्ष कुठंय तुझं? नाव कळत नाही का स्वतःचं?" आणि आपण हे काय बोललो ते कळल्यावर आणखी मोठ्यानं ओरडली. त्या दिवशी घरी जाऊन तिनं भांडी अशी घासली की शेजारणीनं विचारलं, कोणाशी भांडण झालं का.

सोमवारी सत्यशीलानं तिला बजावलं, ज्योती म्हणून कोणी हाक मारली तरी बघायचं नाही. त्या दिवशी सहा चकरा. मंगळवारी तीन. बुधवारी पूजाची गाडी मैदानाच्या कडेला थांबली. मागच्या सीटवर मोनिका बसली होती, मांडीवर क्लासची पुस्तकं, ओळखपत्राच्या अर्जावर सही करायला आणलेली. पोरगी साधी होती, घरात कोणाला उलटून बोलायची नाही. या सगळ्यात तिला काय वाटतं ते कोणी तिला विचारलंच नव्हतं. काच खाली होती. मैदानातून निकिता ओरडली, "मोनिका, मागं बघ," आणि गाडीतल्या मोनिकानं दचकून मान वर केली. तिला कोणीच हाक मारली नव्हती. मैदानात ज्योतीनं वळून चेंडू घेतला होता. मोनिका थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिनं काच वर केली.

"बघ, किती पटकन शिकली," पूजा सत्यशीलाजवळ येऊन म्हणाली. "तुझ्यासारखीच आहे गं. तुला आठवतं, तुला तर एकच दिवस लागला होता."

सत्यशीलाला आठवत होतं. तिच्या मुठीत शिट्टीची दोरी होती आणि ती तिनं बोटाला इतकी गुंडाळली होती की बोट पांढरं पडलं होतं.

गुरुवार आणि शुक्रवारी ज्योतीला एकही चक्कर पडली नाही.

शनिवारी सकाळी पोषण आहाराचा तांदूळ घेऊन टेम्पो आला. खोलीचं दार मैदानाच्या बाजूला, म्हणून टेम्पो नेहमी उलटा आत यायचा. ठिगळाचा चेंडू सवयीप्रमाणं डावीकडं गेला आणि टेम्पोच्या मागं घरंगळला. ज्योती धावली. ती वाकून चिखलातून चेंडू काढत होती, पाठ टेम्पोकडं, आणि ड्रायव्हर भलत्याच आरशात बघत गाडी मागं घेत होता. सत्यशीलानं ते पाहिलं. तिच्या तोंडातून जे नाव आपसूक यायचं तेच आलं.

"ज्योती! बाजूला हो!"

ज्योतीनं मान वळवली नाही.

"ज्योती! ए ज्योती!"

पोरगी चेंडू पुसत होती. हाक तिच्या कानावर पडत होती, यात शंकाच नव्हती. मैदानाच्या पलीकडच्या वस्तीवर ती ऐकू जात होती. पण गेला आठवडाभर या मैदानावर त्या नावाची कोणी नव्हती. मग निकिता जिवाच्या आकांतानं ओरडली, "मोनिका!" आणि ज्योती त्या क्षणी उडी मारून बाजूला झाली. टेम्पोचा फाळका तिच्या खांद्याला घासून गेला. गणवेशाची बाही फाटली, कातडं सोललं. एवढ्यावर भागलं.

सत्यशीला गुडघ्याची पर्वा न करता धावत गेली. तिनं पोरीला दोन्ही दंडांना धरून गदागदा हलवलं. "मी हाक मारत होते. ऐकू येत नव्हतं का?"

ज्योती घाबरली होती, पण मॅडमचा चेहरा बघून तिला वाटलं आपली परीक्षाच चाललीय. ती जरा हसली. "आलं की ऐकू. पन तुमीच म्हनला हुता ना, त्या नावाला बघायचं न्हाई. झाली ना मॅडम सवय?"

तिला शाबासकी हवी होती. सत्यशीलानं तिचे दंड सोडले. ड्रायव्हर उतरून सारवासारव करू लागला होता. एरवी तिनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आज तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. तिला ड्रायव्हरचा राग आला नव्हता, थोरे सरांचा नाही, पूजाचाही नाही. तिला एकाच बाईचा राग आला होता आणि ती बाई गळ्यात शिट्टी घालून उभी होती. चोवीस वर्षांपूर्वी एका सरांनी तिचं नाव काढून घेतलं होतं, पण चकरा मारायला लावून नव्हतं काढून घेतलं. हे नवं काम तिनं स्वतः शोधून काढलं होतं, आणि किती चांगलं केलं होतं.

"जा, खांद्याला हळद लाव," ती म्हणाली. आवाज हळू होता. पोरींनी एकमेकींकडं बघितलं आणि दप्तरं उचलली.

शाळेच्या वह्यांतला एक फुलस्केप कागद घेऊन सत्यशीला पोषण आहाराच्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसली आणि लिहीत गेली. अर्ध्या तासानं ती हेडमास्तरांच्या खोलीत शिरली तेव्हा पूजा तिथंच होती. ओळखपत्रांवर सह्या-शिक्के चालले होते. टेबलावर नवव्या क्रमांकाचं ओळखपत्र होतं. ज्योतीचा फोटो, कपाळापासून हनुवटीपर्यंत जांभळा शिक्का.

"सर, यादी बदला," सत्यशीला म्हणाली. "नवव्या नंबरावर ज्योती सहादेव बर्डे. ओळखपत्र नवीन करा. शिक्का कोपऱ्यात मारा."

"मॅडम, आता मंगळवारी मॅच आहे..."

"सोमवारी दुपारपर्यंत बदल चालतो. तुमच्या सहीनं चालतो."

पूजा हसली. तिला अजून काही कळलं नव्हतं. "सत्या, काय झालं? बस ना. पाणी घे."

"पाणी नको." सत्यशीलानं कागद तिच्यापुढं सरकवला. "आधी हे वाच."

पूजानं वाचलं. कोणत्या वर्षी, कोणत्या मैदानांवर, कोणत्या संघांविरुद्ध सत्यशीला पगारे ही पूजाच्या नावावर खेळली, किती गोल मारले, कोणाच्या डोक्यानं कोपऱ्यावरचा चेंडू आत गेला. सगळं लिहिलं होतं, खाली सही होती. चोवीस वर्षांत ती एकही गोल विसरली नव्हती.

"हे तू कोणाला देणार आहेस?" पूजाचा आवाज बदलला होता.

"ते सर काय लिहितात त्यावर आहे."

"अगं, पण तुझंही नाव त्यात येईल. तूही खोटंच खेळलीस की. तुझी नोकरी जाईल."

"माझी कुठली नोकरी? दर जूनला तुझ्या सासऱ्याच्या सहीनं मिळते ती?"

"मी मिळवून दिली होती ती," पूजा म्हणाली. आता तिलाही राग आला होता आणि खरं तर त्या रागानं ती पहिल्यांदा बरी दिसत होती. "मी तुला विसरले नाही. दुसऱ्या कोणी ओळखही दाखवली नसती. आणि तेव्हा मी काय तुझ्याकडून हिसकावून घेतलं होतं का? तू हो म्हणाली होतीस."

"हो म्हणाले होते. तेरा वर्षांची होते. आता ती पोरगी हो म्हणाली तेव्हा मी चाळिशीला आलेय, म्हणून यावेळी दोष माझा." सत्यशीलाचा आवाज इतका खाली आला होता की थोरे सरांना पुढं वाकून ऐकावं लागत होतं. "तिला मी हाक मारली पूजा. टेम्पो अंगावर येत होता आणि मी तिला तिच्या नावानं हाक मारली, आणि ती वळली नाही. तुझ्या पोरीच्या नावाला वळली. तेव्हा ती वाचली. तुझी पोरगी त्या गाडीत बसून वळते, ही चिखलात उभी राहून वळते, आणि दोघींपैकी कोणालाच ती हाक मारलेली नसते. तुला याचं काहीच वाटत नाही?"

पूजानं कागदाची घडी घातली, परत उघडली. पोरीचा विषय निघाल्यावर तिचा राग ओसरला होता. मग ती थोरे सरांकडं न बघता म्हणाली, "द्या बदलून."

"आण्णांना काय सांगू?" थोरे सर म्हणाले.

"मी सांगते."

थोरे सरांनी खोडरबर शोधलं. पेन्सिलीनं लिहिलेलं मोनिकाचं नाव पुसलं, खाली ज्योतीचं नाव पुसट दिसत होतं, त्यावर त्यांनी पेन फिरवलं. सही केली. शिक्का कोपऱ्यात मारला. मग टोपण लावता लावता म्हणाले, "मॅडम, पुढच्या जूनला अर्ज करू नका. मला सांगायला बरं वाटत नाही."

"मार्चपर्यंत आहे ना मी?"

"आहात."

सत्यशीलानं आपला फुलस्केप उचलून पर्समध्ये ठेवला. तो तिनं कुठंच दिला नाही. हाही एक सौदाच झाला, पूजाचं खोटं आपण परत एकदा झाकलं, हे तिला जिना उतरतानाच कळलं आणि त्याचाही तिला राग आला. पण चोवीस वर्षांचं सगळं एका शनिवारी निस्तरता येत नाही. मंगळवारची मॅच होती, ती महत्त्वाची.

सोमवारी सरावाला तिनं एवढंच सांगितलं, "आजपासून ज्योती म्हणायचं. चुकून मोनिका म्हटलं तर म्हणणारीला पाच चकरा." आणि ज्योतीसमोर उभी राहिली. माफी मागायची असते हे तिला ठाऊक होतं. कशी मागतात हे ठाऊक नव्हतं. "तुला ज्या चकरा मारायला लावल्या," ती म्हणाली, "त्या माझ्या होत्या." मग गुडघा धरत, लंगडत, तिनं स्वतः मैदानाला एक चक्कर मारली. दुसरी मारवली नाही. ज्योतीला रडू येत होतं आणि का येतंय ते तिला सांगता येत नव्हतं.

मंगळवारी श्रीरामपूरच्या मैदानावर चांगलं ऊन पडलं होतं. चेंडू नवा कोरा होता, म्हणून पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांचे पास भलतीकडं गेले. समोरचा संघ तगडा, बूट एकसारखे, त्यांचे सर सारखे काहीतरी सांगत होते. सत्यशीला काहीच सांगत नव्हती. आज शिट्टी पंचांच्या तोंडात होती.

विसाव्या मिनिटाला निकितानं मधून चेंडू काढला. "ज्योती!"

ज्योतीची मान तिकडं वळायला एक क्षण उशीर झाला, ते सत्यशीलानं पाहिलं. फक्त एक क्षण. मग ती वळली, चेंडू डाव्या पायावर घेतला आणि गोलकीपर पुढं यायच्या आत खालून कोपऱ्यात ढकलला.

पोरी किंचाळत तिच्या अंगावर पडल्या. त्यांच्यातून ज्योती बाहेर निघाली आणि मैदानाच्या मध्याकडं जायचं सोडून सरळ कडेला धावली. तिथं छत्रीखाली टेबल होतं, दोन माणसं कागदावर गोल मांडत होती. पंच ओरडले, "नऊ नंबर, आत या." ज्योतीनं ऐकलं नाही. ती टेबलावर दोन्ही हात टेकून वाकली.

"काय लिवलं?"

"नऊ नंबर लिहिलाय, जा तू खेळ," एक माणूस म्हणाला.

"नंबर नगं. नाव लिवा."

"यादीत आहे ना नाव..."

"न्हाई. हितं लिवा. ज्योती सहादेव बर्डे. माझ्यासमोर."

हजेरीला जिचं "हजर" दोनदा विचारावं लागायचं, त्या पोरीचा हा आवाज पार पलीकडं बसलेल्या लोकांपर्यंत गेला. पंचांनी परत शिट्टी वाजवली. ती हलली नाही. माणसानं वैतागून पेन घेतलं, लिहिलं. तिनं बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, बर्डेतला र वर गेलाय का तेही बघितलं, आणि मगच ती मागं वळली. पंच तोवर जवळ येऊन उभे होते. त्यांनी खिशातून पिवळं कार्ड काढून तिच्या डोक्यावर धरलं. खेळाचा वेळ घालवला म्हणून.

संघातल्या पोरी चपापून सत्यशीलाकडं बघायला लागल्या. पहिल्याच मॅचला पिवळं कार्ड, मॅडमनं आता काय केलं असतं ते सांगायला नको होतं. सत्यशीला उठून टेबलापर्यंत गेली. माणूस कार्डाची नोंद करत होता. पेन थांबवून त्यानं विचारलं, "मॅडम, काय नाव सांगितलं होतं तिनं?"

"ज्योती सहादेव बर्डे," सत्यशीला म्हणाली. "हेही पूर्ण लिहा."